नातवाचे नाटक आणि आजोबांची काठी

गेल्या डिसेंबरातील गोष्ट. रक्तदाब तपासून झाला, गोळ्या लिहून दिल्या, तरी आजोबा खुर्चीतून उठेनात. वय शहात्तर, निवृत्त मुख्याध्यापक, बोलणे मोजके. थोड्या वेळाने म्हणाले, "डॉक्टर, माझ्या मुलाला फोन करून एवढंच सांगाल का, की मी ठीक आहे?"

नाताळच्या सुटीत चार वर्षांच्या नातवाला बालनाट्याला न्यावे, असे त्यांनी ठरविले होते. मुलाने नकार दिला. सहा महिन्यांपूर्वी ते न्हाणीघरात घसरून पडले होते. हाड मोडले नव्हते, पण घरातला विश्वास मोडला होता. "बाबांनाच कोणीतरी धरावं लागतं, ते पोराला काय धरणार?" हे मुलाचे वाक्य त्यांनी शेजारच्या खोलीतून ऐकले होते.

मी फोन केला नाही. त्यांना खुर्चीतून उठून तीन मीटर चालायला, वळून परत यायला आणि बसायला सांगितले. या साध्या चाचणीला बारा सेकंदांहून अधिक वेळ लागला, तर पडण्याचा धोका वाढला आहे असे समजतात. त्यांना सोळा सेकंद लागले आणि वळताना त्यांनी नकळत माझ्या टेबलाच्या कडेला हात टेकला. मुलाची भीती अनाठायी नव्हती. तसे त्यांना सांगणे भाग होते. "एकट्यानं नेऊ नका, काका. काकू बरोबर हव्यात आणि हातात काठी हवी." काठीचे नाव काढताच त्यांचा चेहरा उतरला. "नातवासमोर काठी?" इतकेच ते बोलले.

त्यांचा हट्ट मला समजत होता. सुधा करमरकरांनी १९५९ साली 'लिटल थिएटर' उभे करून रत्नाकर मतकरींचे 'मधुमंजिरी' रंगमंचावर आणले. मराठीत मुलांसाठी सातत्याने नाटके होऊ लागली ती तेव्हापासून. त्या काळी बाकावर पाय हलवीत बसलेली मुले आज सत्तरी ओलांडून गेली आहेत. मतकरींच्याच 'अलबत्या गलबत्या'मधली दिलीप प्रभावळकरांची चेटकीण ज्यांनी पाहिली, त्यांच्या नातवंडांनी २०१८ पासून वैभव मांगले यांची चेटकीण पाहिली. आपण पाहिलेले नातवाला दाखवावे, या इच्छेत गैर काहीच नाही. तयारी मात्र दोघांचीही हवी, मुलाची आणि आपलीही.

मुलाच्या तयारीबद्दल सांगायचे, तर माझी स्वतःची चूक आधी कबूल करावी लागेल. माझी मुलगी तीन वर्षांची असताना मी तिला हौसेने पहिल्या रांगेत बसविले. राक्षस आला तशी ती किंचाळली. मी डॉक्टर, चारचौघांत आपले मूल रडते याचीच मला लाज वाटली आणि "घाबरायचं नाही, खोटं असतं ते," असे म्हणत मी तिला मध्यंतरापर्यंत धरून ठेवले. पुढे काही आठवडे ती दिवा मालवू देत नसे आणि कित्येक वर्षे नाट्यगृहाच्या पायरीवरूनच माघारी फिरे. तीन-चार वर्षांच्या मुलाला सोंग आणि सत्य यांतली सीमा अजून पक्की ठाऊक नसते. "खोटं आहे" हे त्याच्या डोक्यात शिरण्याआधी भीती अंगात शिरलेली असते. समजावण्यापेक्षा तेव्हा मांडीवर घेणे, डोळ्यांवर हात ठेवू देणे आणि तेवढ्यानेही निभावले नाही तर बाहेर नेणे, हेच खरे औषध.

म्हणून आदल्या दिवशीच घरी कथा सांगून ठेवावी. राक्षस येणार आणि शेवटी हरणार, हेही. उत्सुकता कमी होईल ही शंका मोठ्यांची. लहानांना माहीत असलेली गोष्टच पुन्हा हवी असते. पहिली रांग टाळावी. मधल्या रांगांतील, जाण्यायेण्याच्या वाटेला लागून असलेल्या खुर्च्या घ्याव्यात, म्हणजे कोणाच्या गुडघ्यांना धडका न देता उठता येते. ध्वनिवर्धकाजवळ बसू नये. ध्वनिमुद्रित संगीत आणि मुलांचा कल्लोळ मिळून कानठळ्या बसतात. श्रवणयंत्र वापरणाऱ्या आजीआजोबांनी त्याचा आवाज आधीच थोडा कमी करून ठेवावा. मुलाला अपस्माराचा त्रास असेल, तर नाटकात लुकलुकणारे तीव्र प्रकाशझोत आहेत का, हे तिकीट काढतानाच विचारावे. अशा मुलांपैकी काहींनाच त्या प्रकाशाने झटका येतो. तरी झोत सुरू झाल्यास मुलाचा एक डोळा तळहाताने पूर्ण झाकून तोंड दुसरीकडे वळवावे.

आणि शेंगदाणे! आजीच्या पिशवीत ते असतातच. पाच वर्षांखालील मुलाला अंधारात अख्खे दाणे, फुटाणे वा पॉपकॉर्न देऊ नये. विनोदावर मूल खदखदून हसते, राक्षस येताच दचकते आणि तेवढ्यात दाणा श्वासनलिकेत जातो. ठसका थांबला म्हणून निश्चिंतही राहू नये. नंतर खोकला किंवा घरघर राहिली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. केळे किंवा मऊ पोळीचा तुकडा बरा. बटाटावडा मध्यंतरात, दिव्याच्या उजेडात.

आता आपली तयारी. वयाबरोबर डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वेळ लागतो. तरुण माणूस अंधारात चाचपडत खुर्ची गाठतो. आपल्याला पायरीच दिसत नाही. तिसऱ्या घंटेच्या बरेच आधी, दिवे चालू असतानाच बसून घ्यावे. बाल्कनीचे तिकीट स्वस्त असले तरी घेऊ नये, तिथल्या पायऱ्या उभ्या असतात. रक्तदाबाच्या किंवा प्रोस्टेटच्या गोळ्या चालू असतील, तर तासभर बसून एकदम उठल्यावर रक्तदाब उतरून भोवळ येऊ शकते. आधी खुर्चीच्या कडेला सरकावे, पावले दहा-बारा वेळा वरखाली हलवावीत, उभे राहून क्षणभर थांबावे आणि मगच चालावे. लघवी वाढविणारी गोळी त्या दिवशी बुडवू नये. वेळ पुढे-मागे करता येईल का, हे आपल्या डॉक्टरांना विचारावे. इन्सुलिन घेणाऱ्यांनी दुपारचा प्रयोग जेवणाच्या वेळेवर येतो का, ते पाहावे आणि तीन चमचे साखर पुडीत बांधून खिशात ठेवावी. मूल कितीही रडले तरी त्याला उचलून पायऱ्या उतरू नये. एक हात कठड्यावर, दुसऱ्या हातात मुलाचे बोट. काठी असेल तर मुलाचे बोट दुसऱ्या माणसाकडे.

त्या आजोबांना मी फोनऐवजी कागद दिला. त्यावर चार ओळी लिहिल्या: काकूंसह जाणे, तळमजल्यावरील कडेची खुर्ची, काठी आणि तोवर रोज घरी भिंतीलगत खुर्ची ठेवून दहा वेळा उठणे-बसणे. कागद खिशात ठेवून ते काही न बोलता गेले.

जानेवारीत दोघेही आले. आता आजी बोलत होत्या. मुलाने कागद दोनदा वाचला, म्हणे. मग स्वतःच रिक्षाने नाट्यगृहापर्यंत सोडून गेला आणि संपेपर्यंत समोरच्या हॉटेलात चहा पीत बसून राहिला. पहिल्या अंकात नातू रडला. आजी त्याला बाहेर घेऊन गेल्या, आजोबा खुर्चीतच बसून राहिले. "मला त्याच्यामागे धावता आलं नाही," ते मध्येच म्हणाले. काही क्षण कोणी बोलले नाही. मध्यंतरानंतर नातू आत यायला तयार झाला, पण खुर्चीवर बसेना. दाराजवळ आजोबा काठी टेकून आणि तो त्यांच्या पायाला बिलगून, असा दुसरा अंक दोघांनी उभ्याने पाहिला. डोअरकीपरने दोनदा हटकले, मग एक स्टूल आणून दिले. घरी आल्यापासून ती काठी चेटकिणीचा झाडू झाली आहे आणि आजोबांना न्हाणीघरात जायचे असले, की आधी ती नातवाकडून मागून घ्यावी लागते.

चाचणी पुन्हा घेतली. चौदा सेकंद. धोका अजून आहेच, व्यायाम चालू ठेवा, असे मी लिहीत होतो, तेव्हा ते मे महिन्यातल्या प्रयोगासाठी कितवी रांग घ्यावी, हे विचारीत होते.