दाब दुप्पट, पण हवा किती?

सायकलच्या चाकात हवा भरताना पंपाची नळी तापते, हे मुलांनी अनुभवलेले असते. घर्षणाने थोडी उष्णता निर्माण होते हे खरे, पण मुख्य कारण म्हणजे झपाट्याने दाबलेली हवा तापते. टर्बोचार्जर असलेल्या इंजिनातही हेच घडते. अशा गाडीची ताकद वाढवायची तर पैसे कशावर खर्चावेत, याचे उत्तर याच गोष्टीत आहे.

उदाहरण अमेरिकेतले घेऊ. तेथे शेतकरी व कारागीर मालाने भरलेला ट्रेलर ओढण्यासाठी पिकअप ट्रक वापरतात. १९८९ मध्ये डॉज रॅम या पिकअपमध्ये कमिन्स कंपनीचे ५.९ लिटरचे टर्बो डिझेल इंजिन मिळू लागले. त्याची शक्ती १६० अश्वशक्ती होती. बाहेर पडणाऱ्या तप्त वायूंनी एक चक्र फिरवायचे आणि त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या चक्राने ताजी हवा दाबून सिलिंडरमध्ये भरायची, ही टर्बोची रीत. तिचे पेटंट स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी यांनी १९०५ मध्ये घेतले होते.

आता थोडे गणित करू. बाहेरची हवा २७ अंश सेल्सिअस, म्हणजे ३०० केल्विन आहे. टर्बोने तिचा दाब दुप्पट केला. मग हवाही दुप्पट भरली का? नाही. टर्बोची कार्यक्षमता ७० टक्के धरली, तर हवा सुमारे ३९४ केल्विनपर्यंत, म्हणजे १२१ अंशांपर्यंत तापते. वायूच्या नियमानुसार घनता वाढते ती २ × ३०० ÷ ३९४, म्हणजे दीडपटच! हीच हवा वाटेत इंटरकूलरमधून नेऊन ३३० केल्विनपर्यंत थंड केली, तर घनता १.८ पट होते. इंटरकूलरमध्ये दाब किंचित घटतो, तो येथे सोडून दिला आहे. तरीही दाब न वाढवता सुमारे १९ टक्के जास्त हवा मिळाली. वरील इंजिनाला सुरुवातीला इंटरकूलर नव्हता. तो १९९१ मध्ये आला.

अनेकांना सोपा वाटतो तो दुसरा मार्ग: जास्त डिझेल सोडणे. ताकद वाढते खरी, पण हवा पुरेनाशी झाली की काळा धूर निघतो. हा धूर म्हणजे न जळलेला कार्बन. शिवाय बाहेर पडणाऱ्या वायूंचे तापमान चढते. ट्रेलर ओढत लांब घाट चढताना ते चढेच राहिले, तर दट्ट्या वितळू शकतो. म्हणून पहिला खर्च या वायूंचे तापमान दाखवणाऱ्या मापकावर करावा. इंटरकूलर त्यानंतर आणि इंधन शेवटी.

टर्बोपुढची धुराची नळी रुंद केल्यास टर्बोच्या मागचा व पुढचा दाब यांतील फरक वाढतो आणि टर्बो लवकर वेग घेतो. मात्र २००७ नंतरच्या डिझेल पिकअपमधली, काजळी अडवणारी गाळणी काढून टाकणे तेथील स्वच्छ हवा कायद्याविरुद्ध आहे. ती काजळी शेवटी कोणाच्या तरी फुप्फुसात जाते.

आणखी एक गोष्ट. इंजिनाची ताकद वाढल्याने ब्रेक, आस आणि चौकट बळकट होत नाहीत. चढावर जास्त ओझे ओढता आले, तरी उतारावर ते थोपवायचे असते ब्रेकनेच. म्हणून कंपनीने ठरवलेली ओझ्याची मर्यादा तीच राहते.

वरचे गणित अकरावीच्या वर्गात जरूर द्यावे. बाहेरची हवा ४२ अंश असेल तर घनता किती होईल, हे विद्यार्थ्यांनीच काढून पाहावे. भर उन्हाळ्यात गाडी घाटात का दमते, तेही त्यांना उमगेल.