वापरणाऱ्याच्या सोयीचे सॉफ्टवेअर कसे तयार होते?

पिकांची नोंद, हवामान, बाजारभाव इत्यादी कामांसाठी मोबाईलवरील अ‍ॅपचा उपयोग आता खेडोपाडी होऊ लागला आहे. महाराष्ट्रात २०२१ सालापासून ई-पीक पाहणीच्या अ‍ॅपद्वारे शेतकऱ्यास आपल्या पिकाची नोंद छायाचित्रासह स्वतः करता येते. सातबाऱ्यावरील पिकाची नोंद बिनचूक असणे शेतकऱ्याच्या हिताचे असते. परंतु अ‍ॅप वापरावयास अवघड असेल, तर नोंद राहून जाते किंवा चुकते आणि तोटा शेतकऱ्याचा होतो. म्हणून अशी साधने कोणत्या पद्धतीने तयार करावीत, हे ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनीही जाणून घेणे अगत्याचे आहे.

दोन पद्धती

पूर्वी सॉफ्टवेअरचा संपूर्ण आराखडा आधी कागदावर ठरवीत आणि दीर्घ काळाने तयार वस्तू वापरणाऱ्याच्या हाती देत. तोवर गरजा बदललेल्या असत. हा दोष घालविण्यासाठी फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेतील उटा राज्यात स्नोबर्ड येथे १७ तज्ज्ञांनी ‘अ‍ॅजाइल’ पद्धतीचा जाहीरनामा तयार केला. या पद्धतीत काम लहान लहान फेऱ्यांत करतात. प्रत्येक फेरीअखेर चालू स्थितीतील सॉफ्टवेअर दाखवितात आणि अनुभवानुसार पुढील काम बदलतात.

दुसरी पद्धत वापरकर्ताकेंद्री रचनेची होय. जॉन गूल्ड व क्लेटन लुइस यांनी १९८५ साली तिची तीन तत्त्वे मांडली: वापरणारा व त्याचे काम आरंभीच समजून घ्यावे, तो साधन प्रत्यक्ष कसे वापरतो ते मोजून पाहावे, आणि आढळलेल्या उणिवा दूर करून पुन्हा चाचणी घ्यावी.

अडचण कोठे येते?

रचनाकारास आधी पाहणीसाठी वेळ हवा असतो. प्रोग्रॅम लिहिणारास काम ताबडतोब सुरू करावयाचे असते. केवळ घाई केली, तर एकेक भाग ठीक होतो, पण सर्व भाग मिळून वापरणाऱ्यास वाट सापडत नाही. केवळ पाहणीच करीत बसले, तर हंगाम निघून जातो.

मेळ कसा घालावा?

कॅनडातील टोरोंटो येथील एलियस या कंपनीत (ती पुढे ऑटोडेस्क कंपनीत विलीन झाली) यावर उपाय शोधण्यात आला. लिन मिलर यांनी २००५ साली व डेझिरे साय यांनी २००७ साली त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यात दोन कामे समांतर चालतात. आरंभीच्या ‘शून्य’ फेरीत वापरणाऱ्यांची आवश्यक तेवढी माहिती गोळा करतात. पुढे, समजा, तिसरी फेरी चालू आहे. प्रोग्रॅम लिहिणारे तिसऱ्या फेरीचे भाग बांधतात. त्याच वेळी रचनाकार दुसऱ्या फेरीत तयार झालेला भाग वापरणाऱ्यांकडून तपासून घेतात, चौथ्या फेरीची रचना ठरवितात आणि पाचवीसाठी माहिती जमवितात. नांगरट एका शेतात व पेरणी दुसऱ्या शेतात एकाच वेळी चालावी, तसाच हा प्रकार आहे. यामुळे कोणाचेही काम खोळंबत नाही आणि चूक लहान असतानाच सापडते.

कार्यकर्त्यांनी काय करावे?

एखाद्या नव्या अ‍ॅपची चाचणी गावात होणार असल्यास केवळ जाणकार तरुणांनाच बोलावू नये. वयस्क शेतकरी, स्त्रिया व कमी शिकलेल्या व्यक्ती यांनाही अगत्याने बोलवावे. चाचणी कचेरीत न घेता बांधावर, भर उन्हात आणि रेंज कमी असलेल्या ठिकाणी घ्यावी. शेतकरी अडखळला, तरी त्याच्या हातातून फोन घेऊ नये; तो कोठे थांबला, कोणता शब्द त्याला समजला नाही, हे टिपून ठेवावे. ‘अ‍ॅप चालत नाही’ एवढेच न कळविता कोणत्या पायरीवर काय घडले ते लिहावे, व ते लवकर कळवावे. पुढील फेरी सुरू होण्यापूर्वी पोहोचलेली सूचना सहज अमलात येते; उशिरा आलेल्या सूचनेसाठी केलेले काम मोडावे लागते.

वापरताना शेतकरी अडला, तर तो त्याच्या अडाणीपणाचा पुरावा नसून रचनेतील उणिवेची खूण होय, हे सर्वांनी ध्यानात ठेवावे.