भाद्रपदातला करपा

भाद्रपद लागून पावसाचा जोर ओसरला, दिवसा मळभ आणि रात्री दाट दव असा क्रम सुरू झाला, म्हणजे कर्जतच्या बाजूस भाताच्या खाचरांतून हिंडताना आधी पान निरखावे, हे मी तेथील शेतकऱ्यांकडूनच शिकलो. युरिया टाकताना जेथे हात सैल सुटलेला असतो, तेथील पीक दुरून सर्वांत गर्द आणि समृद्ध दिसते. परंतु अतिरिक्त नत्राने कोवळ्या राहिलेल्या त्याच पानांवर करप्याचे पहिले ठिपके उमटतात, आणि दोन्ही टोकांस निमुळते होत, तपकिरी कडांचे व राखी मध्यभागाचे, डोळ्यांच्या आकाराचे बनतात.

ठिपका नजरेस पडतो तेव्हा आक्रमण होऊन चार-पाच दिवस लोटलेले असतात. पायरिक्युलेरिया नावाच्या बुरशीचा तीन कप्प्यांचा बीजाणू वाऱ्याबरोबर पानावर उतरतो, टोकाशी असलेल्या चिकट द्रव्याने तेथे ठाण मांडतो, आणि पान आठ-दहा तास सलग ओले राहिले, तर त्यास अंकुर फुटून अंकुराच्या अग्री घुमटाकार अवयव तयार होतो. त्याच्या भिंतीत मेलॅनिनचा थर बसतो, आत ग्लिसरॉल साचते, ते बाहेर निसटू शकत नाही पण पाणी आत शिरत राहते, आणि दाब वाढत वाढत वातावरणाच्या सुमारे 80 पट होतो. त्या बळावर एक तीक्ष्ण तंतू पानाची त्वचा भेदून आत घुसतो. डोळ्यांस न दिसणाऱ्या जीवाने केवळ पाण्याच्या साह्याने एवढे सामर्थ्य उभे करावे, याचे मला अजूनही आश्चर्य वाटते. ट्रायसायक्लाझोल हे औषध नेमका मेलॅनिनचाच थर होऊ देत नाही. त्यामुळे त्याची खरी वेळ तंतू आत शिरण्यापूर्वीची.

पुढे प्रत्येक ठिपका दमट रात्री हजारो नवे बीजाणू सोडतो. पानांवरचा करपा एक वेळ पिकास सोसवेल; पण लोंबी निसवताना तो मानेस लागला, तर अन्नरसाचा मार्गच तुटतो, लोंबी पांढरी पडते आणि वर्षाची मेहनत पळंजात जाते.

कापणीनंतर बुरशीचा मुक्काम पेंढ्यात आणि बियाण्यात असतो. म्हणून बंदोबस्ताचा आरंभ मला फवारणीपेक्षा बियाण्यापाशी अधिक योग्य वाटतो: 10 लिटर पाण्यात 300 ग्रॅम मीठ विरघळवून त्यात बी ओतावे, तरंगणारे पोकळ व रोगट दाणे काढून नष्ट करावेत, आणि तळाचे बी स्वच्छ पाण्याने धुऊन सावलीत वाळवावे.