निवडून आलेला न्यायाधीश

सरपंच आपण निवडतो, आमदार आपण निवडतो. मग आपल्या तंट्याचा निवाडा करणारा न्यायाधीशच तेवढा आपण का निवडू नये? प्रश्न साधा दिसतो, पण हसण्यावारी नेण्याजोगा नाही. जगात असा न्यायाधीश आहे आणि आपल्याकडेही तो एकदा होऊन गेला.

अमेरिकेतील न्यूयॉर्क शहराचे दिवाणी न्यायालय घ्या. तेथील न्यायाधीश लोकांच्या मतांनी निवडला जातो. वकिलीची दहा वर्षे गाठीशी असली म्हणजे उमेदवारी करता येते. मुदतही दहा वर्षांचीच. पन्नास हजार डॉलरपर्यंतचे दावे त्याच्यापुढे चालतात. काम चोख असेल तर पुष्कळदा वरच्या न्यायालयातही त्यास बसविले जाते. मात्र मुदत संपली की पुन्हा मतदारांच्या दारी जाणे आले.

यात एक गुण आहे. न्याय हा लोकांसाठी आहे, याचा विसर अशा माणसास पडत नाही. परंतु निवडणुकीस पैसा लागतो आणि पैसा देणारा पुढे पक्षकार होऊन येतो. वेस्ट व्हर्जिनिया राज्यात 2004 साली कोळसा कंपनीच्या प्रमुखाने एका उमेदवारासाठी सुमारे तीस लाख डॉलर खर्च केले. उमेदवार निवडून आला, राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात बसला आणि त्याच कंपनीच्या बाजूने त्याने मत दिले. अखेर 2009 साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ठरविले, की त्याने त्या खटल्यातून बाजूस व्हावयास हवे होते. हा निर्णयदेखील पाच विरुद्ध चार अशा मतांनी झाला!

आता आपल्या घरी येऊ. जुन्या काळी गावचे पाटील, कुलकर्णी आणि वतनदार गोतसभेत बसून निवाडा करीत व त्याचा महजर लिहीत. त्यांना कोणी निवडीत नसे. ती वंशाची बैठक होती. निवडणुकीने न्याय देण्याचा प्रयोग आला तो 1958 च्या मुंबई ग्रामपंचायत कायद्याने. निजामाच्या राज्यातून सुटलेल्या मराठवाड्यासही तो लागू होता. गावांचा गट करून प्रत्येक ग्रामपंचायतीने एकेक सभासद निवडावयाचा आणि त्यांच्या न्यायपंचायतीने लहान रकमांचे तंटे मिटवावयाचे, अशी ती योजना. महाराष्ट्राने 1975 साली ती मोडीत काढली.

अशा योजनेत अडचण कोठे येते? समजा, मंठ्याकडील एका गावात बांधाचा तंटा आहे. एका बाजूस चाळीस मतांची भावकी, दुसऱ्या बाजूस एकटी विधवा. न्याय देणाऱ्यास पुढल्या वर्षी मते मागावयाची आहेत. तो मनाने सज्जन असला तरी त्या बाईच्या मनातील शंका कशी जाणार? निकाल विरुद्ध गेला तर तो पुराव्यावर गेला की मतांवर, हे तिला कधीच कळणार नाही.

म्हणून आपल्या घटनेने दुसरा मार्ग धरला. जालना जिल्ह्यात कनिष्ठ स्तराचा दिवाणी न्यायाधीश येतो तो लोकसेवा आयोगाची परीक्षा व मुलाखत देऊन. 2025 सालच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने त्याआधी तीन वर्षांची वकिलीही पुन्हा आवश्यक झाली आहे. पुढे वरिष्ठ स्तर, मग जिल्हा न्यायाधीश. त्याची बढती-बदली, 235 व्या कलमाप्रमाणे, उच्च न्यायालयाच्या हाती. चाळीस मतांचे त्यास भय नाही.

पण येथेच आपले समाधान होऊ नये. न्यायाधीश मतांपासून दूर असावा. न्याय लोकांपासून दूर असू नये. या दोन गोष्टींची आपण गल्लत करतो. भोकरदनच्या शेतकऱ्यास तारखेमागून तारीख मिळत गेली, तर न्यायाधीशाच्या निःस्पृहतेचा त्यास उपयोग काय? लोकअदालत याचसाठी आहे. 2008 चा ग्रामन्यायालय कायदाही याचसाठी झाला: न्यायाधिकारी नेमलेला, पण गावी जाऊन बसणारा.

न्यायाधीश निवडण्याचा हक्क आपणांस नाही, यात खंत मानण्याचे कारण नाही. न्याय जवळ आणि वेळेवर मिळावा हे मागण्याचा हक्क मात्र आपला आहे, आणि ते मागणे आपण निवडलेल्या आमदाराकडे तरी नक्कीच करता येते.