शेती युरोपात शिरली, वर्षाला एक किलोमीटर!

माझं लाडकं समीकरण १९३७ सालचं. इंग्लंडमध्ये रोनाल्ड फिशर यांनी ते मांडलं आणि त्याच वर्षी रशियात कोल्मोगोरोव्ह, पेत्रोव्स्की, पिस्कुनोव्ह या त्रयीने. प्रश्न असा: फायद्याचा एखादा जनुक एका जागी उपजला, तर तो किती वेगाने पसरेल?

लाटेसारखा, ठरावीक वेगाने! फायद्याचं प्रमाण आणि विखुरण्याचा दर यांचा गुणाकार करा, वर्गमूळ काढा, दुप्पट करा. सगळी गंमत त्या वर्गमुळात आहे. फायदा चौपट झाला तरी वेग फक्त दुप्पट. शिवाय वेग ठरवतात ते आघाडीवरचे मूठभर. मागच्या गर्दीला कोण विचारतो?

पुढे १९७० च्या दशकात अ‍ॅमरमन आणि काव्हाली-स्फोर्झा यांनी हेच गणित शेतीला लावलं. पश्चिम आशियातून युरोपात ती सरासरी वर्षाला साधारण एक किलोमीटर सरकली. पण शिकारी टोळ्या शेजाऱ्यांचं बघून शेती शिकल्या, की शेतकरीच पोराबाळांसकट पुढे सरकले? नुसत्या वेगावरून हे कळत नाही, लाट दोन्हींतून उठू शकते. निकाल दिला प्राचीन डीएनएने: बहुतांशी माणसंच सरकली. शिकाऱ्यांचा वंश मात्र संपला नाही. पुढच्या शतकांत तो शेतकऱ्यांमध्ये हळूहळू मिसळत गेला.