सेल्फ, पंप आणि नोझल

कर्वेनगरात आमच्या रस्त्यावर डिझेल इंजिनांच्या पंप-नोझलचं एक शेवटचं दुकान उरलं होतं. या डिसेंबरात तेही बंद झालं. नोझल तपासायचं यंत्र भंगारात गेलं, पाटी उतरली, मिस्त्री गावी परतले. गाळ्यात आता मोबाइलची कव्हरं लटकतात. येणाऱ्या-जाणाऱ्यांना त्याचं काही वाटलं नाही. मला फार वाटलं.

पुण्याचं आणि डिझेलचं नातं जुनं आहे. खडकीत १९४६ पासून किर्लोस्कर ऑइल इंजिन्स. १९५४ मध्ये टेल्कोनं डाइम्लर-बेंझशी करार केला आणि जमशेदपूरहून ट्रक निघू लागले. १९६२ मध्ये कोथरूडला किर्लोस्कर कमिन्स आली, १९७७ पासून टेल्कोचे ट्रक पुण्यातूनही बाहेर पडू लागले. १९९१ मध्ये महर्षी कर्व्यांच्या संस्थेनं आमच्याच भागात मुलींचं अभियांत्रिकी महाविद्यालय काढलं, त्यालाही नाव कमिन्सचं. हा सगळा इतिहास स्मरणिकांमध्ये मिळतो. त्यात मिळत नाही ती नव्वदच्या दशकातली, पहाटे पाचची कर्वेनगरची हवा.

त्या दहा वर्षांत हा भाग उभा राहिला आणि तो ट्रकवाल्यांच्या जिवावर उभा राहिला. विटा, वाळू, खडी दिवस वर यायच्या आत साइटवर पडायला हवी, म्हणून पहाटेच गाड्या काढाव्या लागत. थोरल्या भावाचे दोन ट्रक होते आणि हिशेब माझ्याकडे, त्यामुळे त्या पहाटा मी जवळून पाहिल्या. पुण्यात १७ जानेवारी १९३५ ला पारा १.७ अंशांवर उतरला होता. आम्हाला इतक्या थंडीची गरज नव्हती. सात-आठ अंशांना, मुठेच्या बाजूनं गार वारं आलं, की जुनं इंजिन हटून बसे.

यात इंजिनाचा दोष नाही. डिझेलला ठिणगी लागत नाही. सिलिंडरमधली हवा पंधरा-सतरा पट दाबली की ती इतकी तापते, की फवारलेलं डिझेल आपोआप पेट घेतं. थंडीत लोखंडाचा गार ब्लॉक ती उष्णता पिऊन टाकतो. ऑइल घट्ट झालेलं, बॅटरीचा जोर कमी झालेला, म्हणून सेल्फ हळू फिरतो. हळू फिरला की दाबलेली हवा रिंगांच्या फटीतून निसटते आणि उरलीसुरली ऊबही जाते. मग सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो. तो धूर म्हणजे न जळलेलं डिझेल. तिथं सेल्फ मारत राहणं म्हणजे बॅटरी मारणं.

जाणता ड्रायव्हर आधी थांबायचा. रात्रीच गाडी नदीकडच्या उतारावर लावलेली असायची, वेळ आली तर दुसऱ्या गिअरवर क्लच सोडता यावा म्हणून. बॉनेट उघडून तो फिल्टरवरचा एअर स्क्रू दोन आटे ढिला करी आणि हातपंप मारू लागे. थंडीत रबरी नळी आखडते, तांब्याचा वॉशर किंचित ढिला पडतो, तिथून रात्रभर हवा शिरते आणि डिझेल टाकीकडे परततं. पंप मारताना स्क्रूच्या कडेनं आधी फेस येई, मग बुडबुडे, मग बारीक फुत्कार. बोटांवर डिझेलची अखंड, बुडबुडा नसलेली धार आली की तो पंप न थांबवता स्क्रू आवळे. मग एकच सेल्फ. आधी दोन सिलिंडर बोलत, मग चार, मग सहाही. पहिली पाच मिनिटं तो अॅक्सिलरेटर वाढू देत नसे. ऑइल वरपर्यंत पोचू दे, म्हणे.

याच दशकात ज्यांनी या विद्येचा घात केला, त्यांचाही हिशेब मांडायला हवा. रेशनचं रॉकेल डिझेलमध्ये मिसळून विकणाऱ्यांनी गरीब ट्रकवाल्यांचे पंप खाल्ले. रॉकेलमध्ये डिझेलइतकं वंगण नसतं. प्लंजर घासतो, दाब उतरतो, आणि पहिल्या थंडीत गाडी उठत नाही. नाव मात्र मिस्त्रीचं खराब होई. चेंबरखाली बोळे पेटवणारे, हवेच्या तोंडाशी जळती चिंधी धरणारे आणि ईथरचे फवारे मारून रिंगा फोडणारे उस्तादही होते. त्यांच्यामुळे ही सगळी जमात अडाणी ठरली. ती अडाणी नव्हती. नोझलचा फवारा नुसता पाहून कोणत्या भोकात काजळी आहे हे आमचे मिस्त्री सांगत, आणि ते खरं निघे.

पुढची वीस वर्षं धुराच्या नियमांची. २०१७ पासून देशभर बीएस-४, १ एप्रिल २०२० पासून बीएस-६. डिझेलमधलं गंधक दहा लाखात दहा भागांवर आलं. लडाखसाठी इंडियन ऑइलनं २०१९ मध्ये उणे ३३ अंशांनाही वाहतं राहणारं डिझेल आणलं. आजच्या ट्रकमध्ये संगणक पाण्याचं तापमान मोजतो, फवाऱ्याची वेळ ठरवतो, आणि गाडी लगेच चालू होते. धूर गेला हे फार चांगलं झालं. त्या पांढऱ्या-काळ्या धुरात आमची मुलं शाळेत गेली, तो परत यावा असं मी कधीही म्हणणार नाही.

पण हीच गाडी एखाद्या पहाटे चालू झाली नाही, की ड्रायव्हरच्या हातात काही नाही. पडद्यावर कोड येतो. तो वाचायचं यंत्र महाग आणि पूर्ण माहिती कंपनीच्या कुलपात. धूर स्वच्छ करणाऱ्या युरियाच्या टाकीचा एक सेन्सर बिघडला तरी गाडी टोचन लावून न्यायची वेळ येऊ शकते. एकाच ट्रकवर घर चालवणाऱ्याचा हप्ता मात्र थांबत नाही. स्वच्छ हवेसाठी एवढी लाचारी आवश्यक होती, हे मला मान्य नाही. हवा नियमानं स्वच्छ झाली, माहिती मात्र व्यापारासाठी लपवली गेली.

केंद्र सरकारनं जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, तिच्या यादीत वाहनंही आहेत. कोड, दुरुस्तीची पुस्तकं आणि तपासणीची यंत्रं छोट्या गॅरेजला परवडेल अशा दरात देणं कंपन्यांवर बंधनकारक करा. आयटीआयच्या डिझेल मेकॅनिकच्या वर्गात बीएस-६ ची इंजिनं उघडून शिकवा. आणि तुमच्या ओळखीचा एखादा मिस्त्री अजून काम करत असेल, तर त्याच्याकडे एक तरुण पोरगा शिकायला पाठवा. जुन्या गाड्या अजून रस्त्यावर आहेत, आणि त्यांच्या पंपाला हात लावणारा माणूस आज कर्वेनगरात आमच्या रस्त्यावर मिळत नाही.