जिन्याचे लाकूड आणि चंदीगडची हवा

लाकूड कापून, रंधून आणि पॉलिश करून बसवले तरी हवेतील बाष्प शोषणे आणि सोडणे त्याचे थांबत नाही, आणि घरातील जिन्यासाठी कोणते लाकूड घ्यावे या प्रश्नाचे उत्तर लाकडाच्या किमतीपेक्षा किंवा रंगापेक्षा या एका गुणधर्मावर अधिक अवलंबून असते. सरकारी वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालयामुळे सर्वदूर परिचित असलेले सेक्टर 32 हे चंदीगडच्या दुसऱ्या टप्प्यातील, म्हणजे सेक्टर 31 ते 47 या पट्ट्यातील, एक सेक्टर असून तेथे सुताराला हाताशी धरून घरातल्या घरात लाकडी जिना करू पाहणाऱ्या कुटुंबाला हा गुणधर्म विशेषच जाणवतो. कारण मे-जूनमध्ये पारा 40 अंशांपलीकडे जाऊन दुपारची हवा अतिशय कोरडी होते, जुलै-ऑगस्टमध्ये तीच हवा दमट होते आणि डिसेंबर-जानेवारीत धुके उतरते.

लाकूड का हलते?

लाकडाच्या पेशीभित्ती सेल्युलोज, हेमिसेल्युलोज आणि लिग्निन या द्रव्यांच्या बनलेल्या असतात व पहिल्या दोन द्रव्यांना पाण्याचे रेणू सहज चिकटतात. ताज्या लाकडातील पेशींच्या पोकळ्यांमधले पाणी आधी निघून जाते आणि तोपर्यंत फळीच्या आकारात फरक पडत नाही. पण आर्द्रता सुमारे 28 ते 30 टक्क्यांच्या खाली, म्हणजे ज्याला तंतुसंपृक्तता बिंदू म्हणतात त्याच्या खाली गेली की खुद्द पेशीभित्तीतले पाणी कमी होऊ लागते आणि लाकूड आकसू लागते. पुढे ते भोवतालच्या हवेशी जुळणाऱ्या एका पातळीवर स्थिरावते, तिला समतोल आर्द्रता म्हणतात. हवेची सापेक्ष आर्द्रता 30 टक्के असताना ही पातळी साधारण 6 टक्के, 65 टक्के असताना सुमारे 12 टक्के, तर 80 टक्के असताना 16 टक्क्यांच्या आसपास असते. भारतीय मानक 287 मध्ये देशाचे हवामानानुसार चार विभाग पाडून इमारती लाकडातील आर्द्रतेच्या मर्यादा वेगवेगळ्या ठरवल्या आहेत, त्यामागचे कारण हेच आहे.

हे आकसणे-फुगणे सर्व दिशांना सारखे नसते. तंतूंच्या लांबीच्या दिशेने ते नगण्य असते, वाढवलयांना काटकोनात जाणाऱ्या त्रिज्येच्या दिशेने मध्यम असते आणि वलयांना समांतर, म्हणजे स्पर्शरेषेच्या दिशेने सर्वाधिक, बहुधा त्रिज्येच्या दिशेच्या दुप्पट असते. त्यामुळे ज्या फळीच्या टोकाकडून पाहिल्यावर वलये जवळजवळ उभी दिसतात ती त्रिज्यीय कापाची फळी कमी हलते, आणि ज्या फळीवर वलये आडव्या कमानींसारखी दिसतात ती स्पर्शीय कापाची फळी अधिक हलते, शिवाय पन्हाळीसारखी वाकते.

हा फरक मोजूनही पाहता येतो. घरातल्या लाकडाची आर्द्रता वर्षभरात 5 टक्क्यांनी, म्हणजे उदाहरणार्थ 8 वरून 13 टक्क्यांपर्यंत, बदलते असे धरले, तर 280 मिलिमीटर रुंदीची सागवानी पायरी स्पर्शीय कापाची असल्यास सुमारे 2.6 मिलिमीटर, तर त्रिज्यीय कापाची असल्यास सुमारे 1.4 मिलिमीटर फुगते. अमेरिकेहून येणाऱ्या पांढऱ्या ओकची स्पर्शीय कापाची तेवढीच फळी मात्र 5 मिलिमीटरच्या घरात जाते. ओक सागापेक्षा टणक असूनही चंदीगडच्या हवेत तो सागाइतका स्वस्थ का राहत नाही, हे या आकड्यांवरून स्पष्ट होते आणि अशा हवेत टणकपणाच्या आधी स्थिरता का पाहावी हेही कळते.

साग, शीशम आणि इतर

चंदीगड उभारले जात असताना वास्तुविशारद पिअर जानरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सरकारी कचेऱ्या व महाविद्यालयांसाठी जे फर्निचर आखले, ते प्रामुख्याने साग आणि शीशम या दोन लाकडांत घडवले गेले. याच उष्ण, दमट आणि थंड ऋतूंच्या फेऱ्यात ते अनेक दशके वापरात राहिले, त्यामुळे जिन्यासाठीही या दोन लाकडांचा विचार सर्वप्रथम होणे स्वाभाविक आहे.

सागाच्या गाभ्यातील तेलकट द्रव्ये आणि टेक्टोक्विनोनसारखी संयुगे वाळवी व बुरशी यांना दूर ठेवतात. मात्र हे संरक्षण गाभ्यापुरतेच असते. सालीलगतचे फिकट रसकाष्ठ सागाचे असले तरी किडीला बळी पडते. लागवडीतील अल्पवयीन झाडांत या फिकट भागाचे प्रमाण जास्त असते, म्हणून 'साग' एवढ्या नावावर फळी घेणे पुरेसे ठरत नाही. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलांतील बल्लारपूर-आलापल्लीचा साग उत्तरेच्या बाजारांत 'सीपी टीक' म्हणून, म्हणजे जुन्या मध्य प्रांताच्या नावाने, ओळखला जातो आणि 2023 मध्ये अयोध्येच्या राम मंदिरासाठी बल्लारपूरहूनच सागवान पाठवण्यात आले होते.

शीशम हा पंजाबचा राज्यवृक्ष असून महाराष्ट्रातील शिसवाचा तो सख्खा भाऊबंद आहे. तो सागापेक्षा जड आणि बऱ्याच अंशी अधिक टणक असल्याने बुटांखालच्या वाळूने त्यावर ओरखडे कमी पडतात. त्याचे खोड वाकडेतिकडे वाढत असल्यामुळे लांब सरळ फळी दुर्मीळ असते, पण जिन्याच्या पायरीला जेमतेम मीटरभर लांबी लागते, त्यामुळे दारे-खिडक्यांच्या चौकटींना नडणारा हा दोष पायऱ्यांच्या बाबतीत फारसा आड येत नाही. आंबा आणि रबर ही लाकडे स्वस्त असली तरी भुंगे त्यांना लवकर पोखरतात, म्हणून बोरॉनची प्रक्रिया केलेलीच घ्यावी लागतात. देवदार टिकाऊ आणि सुवासिक असला तरी मऊ असल्याने पायरीच्या कडेला लवकर खळगे पडतात, तो कठड्यासाठी किंवा जिन्याखालच्या कपाटासाठी अधिक योग्य ठरतो.

एक जिना, अनेक द्रव्ये

राष्ट्रीय इमारत संहितेनुसार घरातील जिन्याची पायरी किमान 250 मिलिमीटर रुंद आणि दोन पायऱ्यांमधील चढ कमाल 190 मिलिमीटर असावा लागतो. मजल्याची उंची 3 मीटर धरली तर 16 चढ आणि 15 पायऱ्या होतात आणि त्यांना पेलणाऱ्या बाजूच्या तिरप्या तुळईची लांबी जवळजवळ 4.8 मीटर भरते. एवढ्या लांबीचे सरळ, गाठीविरहित लाकूड मिळाले तरी महाग पडते, त्यामुळे तुळई लोखंडी चौकोनी नळीची आणि पायऱ्या लाकडाच्या ही विभागणी व्यवहार्य ठरते. लोखंड आर्द्रतेने फुगत नाही आणि लाकूड फुगते, म्हणून लोखंडातील स्क्रूची भोके पायरीच्या रुंदीच्या दिशेने लांबट ठेवावी लागतात. गोल भोकांत घट्ट आवळलेली फळी ताण सहन न होऊन चिरते.

पायरीची जाडी हा दुसरा निर्णय होय. फळीचा ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. 900 मिलिमीटर अंतरावर दोन टोकांना टेकलेली, 280 मिलिमीटर रुंदीची 25 मिलिमीटर जाड सागवानी फळी 100 किलो वजनाच्या माणसाखाली मध्यभागी सुमारे साडेतीन मिलिमीटर वाकते, 32 मिलिमीटरची दीडपेक्षा थोडी जास्त, तर 38 मिलिमीटरची जेमतेम 1 मिलिमीटर. एमडीएफचा ताठपणा सागाच्या साधारण पावपटच असल्याने आणि ओल लागली की त्याच्या कडा फुगत असल्याने पायरीसाठी तो वर्ज्य ठरतो.

पायऱ्यांमधील उभ्या फळीवर, म्हणजे रायझरवर, भार फारसा येत नाही. तेथे भारतीय मानक 710 किंवा 303 च्या जलरोधक दर्जाचे 12 मिलिमीटर प्लायवुड चालते, कारण त्यातील थर एकमेकांना काटकोनात चिकटवलेले असल्याने ते जवळजवळ हलत नाही. हे प्लायवुड लांबून आणावे लागत नाही, हरियाणातील यमुनानगर हे पॉप्लर आणि निलगिरीपासून प्लायवुड बनवणारे मोठे केंद्र चंदीगडपासून शंभरेक किलोमीटरवरच आहे. पॉप्लर मऊ असतो व वरचे शोभेचे व्हेनिअर कागदासारखे पातळ असते, त्यामुळे त्याच प्लायवुडची पायरी केल्यास पुढच्या कडेला शीशमची किंवा सागाची भरीव पट्टी बसवणे अपरिहार्य होते.

जिन्याची कुरकुर बहुधा पायरी आणि रायझर यांच्या सांध्यात सुरू होते, कारण लाकूड आकसल्यावर तेथे फट पडते आणि पावलागणिक फळी खिळ्यावर घासते. यावर उपाय म्हणून पायरीची मागची कड रायझरच्या खाचेत 2 ते 3 मिलिमीटर मोकळीक ठेवून बसवतात आणि सरस फक्त पुढच्या कडेला लावतात, म्हणजे फळी मागे-पुढे सरकू शकते पण वर-खाली हलत नाही. पॉलिशही सहाही बाजूंना लागते. केवळ वरून पॉलिश केलेली पायरी पावसाळ्यात खालच्या अंगाने अधिक ओल शोषते आणि वाकते.

कधी बसवावे?

जूनमध्ये कोरडी फळी घट्ट बसवली तर ऑगस्टमध्ये ती फुगून सांधे उचलते आणि ऑगस्टमध्ये दमट फळी बसवली तर पुढच्या मे महिन्यात फटी पडतात. म्हणून भट्टीत सुकवलेले लाकूड घेऊन ते ज्या घरात वापरायचे तेथेच काही आठवडे पट्ट्यांवर रचून ठेवावे, आर्द्रतामापकावर 10 टक्क्यांच्या आसपास, म्हणजे वार्षिक चढउताराच्या मध्यावर, आकडा आला की बसवावे आणि काम पावसाळा ओसरल्यावर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये काढावे. सेक्टर 26 च्या टिंबर मार्केटमध्ये जाताना हे छोटे यंत्र सोबत असेल, फळीच्या टोकाकडील वलयांची दिशा पाहिली जाईल आणि फिकट रसकाष्ठ बाजूला काढले जाईल, तर साग घ्यायचा की शीशम हा निर्णय पसंतीवर आणि बजेटवर सोडता येतो, कारण दोहोंपैकी कोणतेही लाकूड तेथील हवेत दीर्घकाळ टिकू शकते.